न झालेल्या सहलीहून आणलेल्या वस्तू

ट्रॉय, मिशिगन
४ मार्च २०२५

प्रिय देवांग,

विनीतामावशीने हाताने पत्र लिहिलंय म्हणजे कोणीतरी गेलं की काय, असं समजू नकोस. सगळे ठणठणीत आहेत. फोन तू उचलत नाहीस आणि माझे मेसेज तुझ्या काकाच्या आयपॅडवरही उमटतात, म्हणून हा उद्योग. हे काकाला कळता कामा नये. तुझ्या आईला तर नाहीच.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून आम्ही तुझ्या त्या कॅरिबियनमधल्या सेंट क्रॉय बेटावर येणार होतो. निघायच्या तीन दिवस आधी प्रसन्नला इंडियानातल्या एका कारखान्यात जावं लागलं. तिथे नवी सिस्टिम सुरू व्हायची होती म्हणे. माझी रजा मंजूर, बॅग भरलेली. "तू पण चल, हॉटेल चांगलं आहे," म्हणाला. गेले. सात दिवस खिडकीतून पार्किंग लॉट बघितला.

परत आलो त्या संध्याकाळी इंडियन स्टोअरमध्ये मेथी निवडत होते, तर समोर नीलांबरी. "काय गं, कशी झाली ट्रिप?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मस्त!" त्यानंतर मागे फिरता येईना. रात्रीपर्यंत आमच्या ग्रुपच्या पाचही घरांत बातमी पोचली.

आता आमच्याकडची रीत अशी, की जो कुठे जाऊन येतो त्याने सगळ्यांना जेवायला बोलवायचं आणि तिथलं काहीतरी द्यायचं. तिथलंच हवं. नीलांबरी वस्तू हातात पडली की आधी उलटी करते. मी एकटी ऑफिसच्या कामाला हवाईला गेले होते, तिथून आणलेल्या लाकडी कासवाच्या पोटावरचं लेबल तिने सगळ्यांसमोर वाचलं होतं. ते कासव व्हिएतनामचं निघालं. यंदा पाडवा तीस तारखेला आहे, रविवार आहे, आणि सगळे माझ्याकडे आहेत.

तू चार महिने तिथे आहेस. मला पाच घरांसाठी पाच वस्तू पाठव, अगदी तिथल्या मातीतल्या.

हसू नकोस. पंचवीस वर्षांत एकदा म्हटलं, मला तुझ्याबरोबर समुद्र बघायचाय, आणि नवरा आला नाही. हे मला त्या पाच घरांत सांगायचं नाहीये. एवढंच राखायचंय.

तुझी,
मावशी


क्रिश्चनस्टेड, सेंट क्रॉय
१० मार्च

मावशी,

मला पत्र आलंय म्हटल्यावर बोटयार्डातले सगळे गोळा झाले, कारण इथे कागदी पाकीट आलं तर ते कोर्टाकडूनच येतं. तुझं अक्षर बघून फोरमन म्हणाला, हे सगळं दोरीवर वाळत घातलंय का? मी म्हणलं हो, आमच्यात तसंच लिहितात.

तुझं गुपित माझ्याकडे पक्कं. आई महिन्यातून एकदा फोन करते आणि "कॉलेज परत कधी?" एवढंच विचारते. त्यात तुझा विषय घुसायला जागाच नाही.

तर शनिवारी सुट्टी होती. बोटींचे तळ खरवडून हाताची सालं निघालीत, म्हणलं आज मावशीचं काम. सकाळी आठला निघालो. बेटाच्या दुसऱ्या टोकाला फ्रेडरिकस्टेड, तिकडे धक्क्याला क्रूझ लागते, तिथे दुकानं आहेत, अकराला परत. पण वाटेत बघतो तर लोक घोड्यांना समुद्रात आंघोळ घालतायत. मावशी, घोडा पोहतो! तुला माहिती होतं? नुसतं डोकं वर, आणि नाकातून असा फुर्र फुर्र आवाज, काका बातम्या बघताना काढतो तसा. एक जण म्हणाला, हा दोर धर जरा. धरला. एक वाजला.

आणि घोड्याचं नाव काय होतं, तर सिनेटर. बरं ते जाऊ दे.

दुकानात गेलो. मॅग्नेट, टॉवेल, कासवं. नीलांबरीकाकूंसारखं एकेक उलटं करून बघितलं. एकही इथलं नाही. एका शंखाला फिलिपिन्सचं लेबल! बेटावर राहतात आणि शंख बाहेरून मागवतात. दुकानदारीण म्हणाली, "उलटं काय करतोस, सरळ बघ ना, सुंदर आहे." तिचंही बरोबर आहे.

मग विचारत विचारत दोन खऱ्या वस्तू सापडल्या. एक, चौकड्यांचं सुती कापड, लाल-पिवळं-हिरवं. इथल्या बायका सणावाराला त्याचाच घागरा घालतात, डोक्यालाही तेच बांधतात, पणजीच्या पणजीपासून. त्याला मद्रास म्हणतात. दुसरी, चांदीचं कडं, त्याला हुकासारखा आकडा. आकड्याचं तोंड काळजाकडे केलं तर मन कुठेतरी गुंतलंय, बाहेर केलं तर मोकळं आहे. मी घालून बघितलं. कुठे तोंड करावं कळेना, काढून ठेवलं.

काय घेऊ ते लवकर कळव.

देवांग


ट्रॉय
१५ मार्च

देवांग,

तुला काय म्हणू? नीलांबरीच्या वडिलांचं सोलापुरात कापडाचं दुकान होतं. ती ते कापड उलटंसुद्धा करणार नाही, लांबूनच म्हणेल, "विनीता, लुंगी का गं आणलीस?" तिथल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या ते वापरतात ना, मग ते त्यांचंच. माझं त्यांच्याशी भांडण नाही. पण ट्रॉयमध्ये कोणाला पटायचं नाही.

कडंही नको. एखादीने चुकून तोंड बाहेर केलं तर तिचा नवरा जेवता जेवता माझ्याकडे बघेल.

आणि आता नवीनच अडचण. लोकांना वस्तूंपेक्षा गोष्टी हव्यात. काल नीलांबरीच्या मुलीने, आश्लेषाने, विचारलं, "मावशी, पाणी कसं होतं?" म्हटलं, निळं. तेवढ्यावर किती दिवस निभावणार? फोटो मागतात. सांगितलंय की काकाचा फोन पाण्यात पडला. म्हणजे आता चार माणसांत त्याला फोन काढू देता येत नाही. परवा खिशात हात घातला की मी त्याच्या हातात चहाचा कप द्यायचे. तीन कप झाले. शेवटी म्हणाला, "विनीता, मला झोप लागेल का आज?"

तू घोड्यांचं लिहिलंस ते मी चार वेळा वाचलं. तसंच अजून लिही. लोक काय खातात, कसे बोलतात, संध्याकाळी काय करतात. आणि वस्तू तीस तारखेच्या आत.

एक विचारू? ज्या दिवशी आम्ही उतरणार होतो त्या दिवशी तिकडे हवा कशी होती?

मावशी


क्रिश्चनस्टेड
२१ मार्च

मावशी,

त्या दिवशी हवा छान होती. खोटं कशाला सांगू. सकाळी पाच मिनिटं सर येऊन गेली, मग दिवसभर ऊन.

सोबतच्या खोक्यात पाच पुड्या आहेत आणि एक सुटी. उघडशील तेव्हा आधी ओरडशील, म्हणून आधी वाच.

त्या फुटक्या बशा आहेत.

थांब, थांब. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी इथे डेन्मार्कचं राज्य होतं. उसाचे मळे, गुलाम माणसं, सगळं ते. त्या मोठ्या घरांतल्या निळ्या नक्षीच्या बशा फुटल्या, फेकल्या, मातीत गेल्या. अजून पाऊस पडून गेला की तुकडे वर येतात. इथली पोरं ते घासून गोल करायची आणि खेळातले पैसे म्हणून वापरायची. त्याला चेनी म्हणतात. आता त्याला चांदीची कड लावून लॉकेट करतात. ह्याच्यासारखं इथलं दुसरं काही नाही. मातीतलं म्हणालीस ना, तर हे खरंच मातीतलं आहे.

मिस युलाली म्हणून एक म्हाताऱ्या बाई हे करतात. घराच्या ओट्यावर बसतात. त्यांच्याकडे पोचायला मला दोन दिवस लागले, कारण पहिल्या दिवशी बसमध्ये एक माणूस भेटला, त्याच्याकडे बत्तीस कोंबडे आहेत आणि प्रत्येकाचं आरवणं तो ओळखतो, म्हणून ते ऐकायला गेलो. खरंच ओळखतो.

तर मिस युलाली. त्यांना मी म्हणलं पाच द्या. त्या म्हणाल्या, कोणासाठी? मी म्हणलं, माझ्या मावशीच्या मैत्रिणींसाठी. मग मावशी कुठे आहे? स्वतःचा तुकडा स्वतः निवडायचा असतो, तिला घेऊन ये. मग सगळं खरं सांगून टाकलं. इंडियाना, मेथी, सगळं. सॉरी. पण त्या ट्रॉयला कोणाला सांगणार?

हसल्या नाहीत. म्हणाल्या, तो माणूस कसा आहे? मी म्हणलं, बीचवर मोजे घालून बसेल असा. चांगला आहे, पण हॉटेलात गेला की आधी इमर्जन्सी एक्झिट कुठाय ते बघतो. त्यांनी डबा बराच वेळ चाळला आणि एक पांढरा तुकडा काढला, नक्षी नाही, कडेला फक्त एक बारीक निळी रेघ. "हा त्याच्या बायकोला." तो सुटा आहे तो. तुझा.

आता तू मागितलेली माहिती. दुकानात शिरल्यावर आधी गुड मॉर्निंग म्हणायचं, नाहीतर कोणी बघतसुद्धा नाही. गाड्या आपल्या नागपूरसारख्या डावीकडून. चिंचेच्या साखरेत घोळवलेल्या गोळ्या मिळतात, तुला घरचीच आठवण येईल. रविवारी दुपारी बीचवर कोणीतरी ट्रकचा रेडिओ मोठा लावतं आणि सगळे नाचतात. मागच्या रविवारी एक साठीतला जाडा माणूस पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात बायकोबरोबर नाचत होता. तिला हसू आवरत नव्हतं. पँट दुमडून काही उपयोग झाला नाही, कमरेपर्यंत भिजला.

एवढं पुरे का?

देवांग


ट्रॉय
११ एप्रिल

देवांग,

खोकं अठ्ठावीसला आलं. मी ओरडलेच. पाडव्याला फुटकी बशी! मग पुडी सोडली आणि तुकड्यावरून बोट फिरवलं. इतकं गुळगुळीत, की कधी फुटलं होतं हे बोटाला कळतही नाही.

नीलांबरीने हातात घेतलं, उलटं केलं. मागे काहीच नव्हतं, फक्त मातीचा जुना पिवळेपणा. तिने ते परत सरळ केलं आणि म्हणाली, "हे कोणी दिलं गं तुला?" आणि मी सुरू झाले. मिस युलालीचा ओटा, तिचा डबा, गुड मॉर्निंग, कोंबडेवाला. सगळं सांगितलं, जणू आत्ताच बघून आलेय. वरण निवलं तरी कोणी उठेना.

मग मी वाहवले रे. तुझ्या त्या जाड्या माणसाच्या जागी मी काकाला ठेवलं. म्हटलं, प्रसन्न पाण्यात नाचला. म्हटलं, घोड्याचा दोर धरून पार गळ्यापर्यंत गेला. बोटीत मोठ्याने गायला. आणि एक दिवस तासभर पाण्यावर पाठीवर पडून राहिला, डोळे मिटून, आणि मी बाजूला. हे शेवटचं कुठून आलं मला माहीत नाही.

वर बघते तर काका दारात, हातात श्रीखंडाचं पातेलं. कधीपासून उभा होता देव जाणे.

नीलांबरीचा मनोहर म्हणाला, "काय प्रसन्न, तू? नाचलास?"

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. सगळं आता संपणार होतं. काकाने पातेलं टेबलावर ठेवलं, रुमालाने हात पुसले आणि म्हणाला, "थोडंसं."

"काय सांगतोस!"

"पँट भिजली," म्हणाला.

सगळे हसले. तो हसला नाही. श्रीखंड वाढायला लागला.

त्या रात्री सगळी भांडी त्याने घासली. मी वाट बघत होते, बोलेल. नाही बोलला. आज बारा दिवस झाले. रागावलाय म्हणावं तर सकाळचा चहा करून देतो. मंगळवारी आणि गुरुवारी ऑफिसातून घरी यायला नऊ वाजतात, विचारलं तर "काम आहे." पूर्वी कधी असं नव्हतं. त्याचं मी चारचौघांत हसं केलं असं त्याला वाटतंय का? मी त्याच्या जागी दुसराच कोणी माणूस उभा केला, आणि तो ते ऐकत होता. आता वाटतं, त्यापेक्षा इंडियाना सांगितलं असतं तर बरं.

लॉकेट मी घालते. त्याने विचारलं नाही, हे कुठलं.

मावशी


क्रिश्चनस्टेड
१८ एप्रिल

मावशी,

मला नवराबायकोतलं काही कळत नाही. माझं कुठलंही प्रकरण एका बेटापेक्षा जास्त टिकलेलं नाही. पण रागावलेला माणूस स्वतःहून "पँट भिजली" असं म्हणेल का? ते तर मी तुला लिहिलेलं. तू सांगितलंच नव्हतंस ना? की सांगितलं होतंस? सांगितलं नसेल तर ते त्याने स्वतःच्या मनाने घातलं. मी हे तीन दिवस खरवडता खरवडता विचार करतोय आणि फोरमन म्हणतो, एकाच जागी घासू नकोस, भोक पडेल.

तू सरळ विचार ना त्याला. मला येत नसलेल्या गोष्टी मी दुसऱ्यांना छान सांगतो.

मिस युलालींना सगळं वाचून दाखवलं, इंग्रजीत करत करत. श्रीखंडापाशी आल्यावर म्हणाल्या, "मग त्या माणसाला बोलाव की इकडे." मी म्हणलं, तो यायचा नाही.

मेच्या शेवटी एक बोट ग्रेनाडाला निघतेय, त्यांना एक माणूस कमी आहे. जाईन बहुतेक. पत्ता कळवतो.

देवांग


ट्रॉय, मिशिगन
२४ एप्रिल २०२५

चि. देवांग यास अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या मावशीला कळू देऊ नये. उत्तर सोबत दिलेल्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवावे. घरचं टपाल ती उघडते.

पाडव्याच्या सकाळी रिसायकलिंगच्या डब्यात तुझ्या अक्षरातलं खोकं दिसलं, सेंट क्रॉयचा शिक्का असलेलं. मनोहर जेवायला आला की तो डबा बाहेर न्यायला नेहमी मदत करतो, म्हणून मी खोकं सपाट करून तळाशी दाबलं. त्याला ते का दिसू नये, हे तेव्हा कळलं नाही. संध्याकाळी दारात उभा राहून ऐकलं तेव्हा कळलं.

एक गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही. इंडियानाला मला कोणी पाठवलं नव्हतं. मीटिंगमध्ये विचारलं, कोण जाईल? मी हात वर केला. मला पाण्याची भीती वाटते. शॉवर चालतो, समुद्र नाही. चोपन्नाव्या वर्षी हे बायकोला कसं सांगायचं, ते मला सुचलं नाही. कारखाना सोपा वाटला. त्या हॉटेलात ती सात दिवस खिडकीशी बसायची आणि मी संध्याकाळी येऊन विचारायचो, जेवलीस का.

त्या संध्याकाळी तिने सगळ्यांना एक माणूस सांगितला. तो नाचतो, गातो, घोडा धरतो. तो मी नाही हे तिथे दोघांनाच माहीत होतं. पण ती सांगत होती तेव्हा तिचा चेहरा मी पाहिला. मनोहरने विचारलं तेव्हा "नाही" म्हणणं मला जमलं नाही. खरं सांगायचं तर, "नाही" म्हणावंसं वाटलंही नाही.

१ एप्रिलपासून कम्युनिटी सेंटरच्या पोहण्याच्या तलावावर मंगळवार-गुरुवार जातो. नवशिक्यांच्या वर्गात मी आणि सहा-सात वर्षांची पाच मुलं आहोत. आन्या नावाची मुलगी मला सांगते, "अंकल, यू हॅव टू ब्लो बबल्स." बुडबुडे आता जमतात. परवा पाठीवर अकरा सेकंद तरंगलो. घड्याळ शिकवणाऱ्याने लावलं होतं, मी नाही.

१४ जूनची दोन तिकिटं काढली आहेत. तिला अजून सांगितलेलं नाही. अकरा सेकंदांवर सांगवत नाही, निदान एक मिनिट होऊ दे. तू कुठेही स्थिर राहत नाहीस हे ठाऊक आहे, तरी तोवर तिथून हलू नये ही विनंती.

आता काम. तिने त्या दिवशी सांगितलेलं जेवढं आठवलं तेवढं मागच्या पानावर लिहिलं आहे. एकूण चौदा गोष्टी आहेत. त्यातल्या कोणत्या तू पाहून तिला कळवल्यास आणि कोणत्या तिच्या मनच्या, हे मला ओळखता येत नाही. तरी दोन वेगळ्या याद्या कराव्यात. पहिलीतल्या आम्ही आल्यावर तू आम्हाला दाखव. दुसरीतल्या मला इथूनच शिकून यायच्या आहेत, म्हणून ती आधी पाठव.

तुझा,
प्रसन्नकाका